वास्तुविद्येंतील माहेर

आपल्या भाषेंत 'माहेर' या शब्दाला जें वजन आहे तें त्याच्या कोशांतल्या अर्थांत मावणारें नाहीं. विवाहित स्त्रीच्या आईबापांचें घर, एवढाच अर्थ कोशांत सांपडेल. परंतु ज्या घरांत स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाहीं, जेथें उशिरां उठलें तरी चालतें आणि डोळ्यांत पाणी आलें तरी कारण सांगावें लागत नाहीं, तें माहेर. हें प्रत्येक मराठी स्त्रीला कोशावांचून कळतें. सासर कितीहि चांगलें असलें तरी तेथें आपली पात्रता रोज सिद्ध करावी लागते. माहेरीं ती गृहीत धरलेली असते. हा भेद केवळ घरापुरता नाहीं. स्त्रिया उंबऱ्याबाहेर पडून ज्या ज्या व्यवसायांत शिरल्या, तो प्रत्येक व्यवसाय आरंभीं त्यांचें सासरच होता. अध्यापनांत आणि वैद्यकांत त्यांनीं हळूहळू आपलें माहेर निर्माण केलें. घरें बांधण्याच्या विद्येंत मात्र तें फार उशिरां आणि फार कष्टानें उभें राहिलें. ही गोष्ट जितकी विचित्र तितकीच विचार करण्याजोगी आहे.

विचित्र अशासाठीं, कीं घर हा स्त्रीचा प्रांत असें आपण शतकानुशतकें म्हणत आलों. 'गृहिणी' या शब्दांतच घर आहे. तरी घर कसें असावें हें ठरवितांना तिचें मत घेण्याची चाल नव्हती. माझें आजोळ सातारा जिल्ह्यांतल्या एका लहानशा गांवीं होतें. वाडा जुना; पुढच्या अंगाला ऐसपैस बैठकीची खोली, मागें माजघर आणि त्याला लागून स्वयंपाकघर. बैठकींत सकाळपासून ऊन खेळत असे. माजघरांत मात्र भर दुपारीं दिवा लावल्यावांचून तांदूळ निवडतां येत नसत. स्वयंपाकघराला एकच झरोका, तोहि पाटाएवढा, आणि त्याच्याखालीं चुलीशीं बसलेली माझी आजी पदरानें डोळे पुशीत भाकरी थापीत असे. मीं एकदां मामांना विचारलें, "ही खिडकी मोठी कां नाहीं केली?" मामा म्हणाले, "अग, भिंत दोन हात रुंद. मोठी खिडकी पाडली तर भिंत कमकुवत होते." बैठकीची भिंतहि दोन हातच रुंद होती आणि तिला दोन भल्या मोठ्या खिडक्या होत्या, परंतु तेवढें बोलून दाखविण्याचें माझें वय नव्हतें. गवंड्यानें कांहीं दुष्टावा केला होता असें नव्हे. त्यानें ज्यांना विचारावयाचें त्यांना विचारलें, आणि ज्यांना विचारलें ते बैठकींत बसणारे होते.

स्त्रियांचा हात वास्तूला लागतच नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. जमीन सारवणें, भिंतीला पोतेरें फिरविणें, अंगण चोपून सारखें करणें, शेण आणि माती यांचें प्रमाण नुसत्या स्पर्शानें ओळखणें, ही विद्या आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे चालत आली. आजहि मुंबईपुण्यांत एकादी उंच इमारत उठत असली तर डोक्यावर घमेलें घेऊन चढणाऱ्या बाया तेथें दिसतात. स्त्रीचा हात मातीला लागला होता, विटेला लागला होता. नकाशाच्या कागदाला तेवढा तो लागला नव्हता. आणि नांवाची गोष्ट तर बोलावयासच नको. मुंबई विद्यापीठाच्या आवारांतील राजाबाई टॉवर आम्हां विद्यापीठाच्या माणसांच्या नित्य परिचयाचा. १८७८ सालीं तो पुरा झाला. त्याचा आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांनीं इंग्लंडांत बसून केला; मुंबई त्यांनीं कधीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, आणि नांव त्यांच्या मातोश्रींचें. इमारतीला स्त्रीचें नांव मिळावयाचें तें असें, कोणाची तरी आई म्हणून. तें नांव मनापासून आणि आदरानें दिलेलें होतें यांत शंका नाहीं. पण तें करणारीचें नांव नव्हतें.

करणारीचें नांव लिहिलें जाण्यास त्यानंतर साठएक वर्षें जावीं लागलीं. पेरीन जमशेटजी मिस्त्री यांचा जन्म १९१३ चा. १९३६ सालीं त्यांनीं मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंतून वास्तुविद्येची पदविका मिळविली. भारतांत ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री असें मानतात. पुढच्याच वर्षीं त्या 'डिचबर्न, मिस्त्री आणि भेदवार' या पेढींत भागीदार झाल्या आणि जवळजवळ अर्धें शतक त्यांनीं तेथें काम केलें. बंगले झाले, कारखाने झाले, एक ख्रिस्तमंदिर झालें. परंतु एक गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. ती पेढी त्यांच्या वडिलांची होती. दार उघडण्यासाठीं पेरीनबाईंना कोणाच्या शिफारशीची गरज पडली नाहीं. त्या आंतच जन्मल्या होत्या. असें म्हणण्यांत त्यांच्या गुणांना उणेपणा येत नाहीं. ज्या काळीं स्त्रीला पुढच्या दारानें प्रवेश नव्हता त्या काळीं पहिलें पाऊल घरच्या दारानेंच पडणार. मात्र जिला जन्मानें माहेर मिळालें तिची परीक्षा पुढेंच असते. ज्या दारानें आपण आंत आलों तें आपल्यामागें लोटून घेतलें, कीं दुसरीसाठीं उघडें ठेवलें?

या प्रश्नाचें उत्तर सिंहलद्वीपांतून, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतून, मुंबईस आलेल्या एका मुलीच्या चरित्रांत मिळतें. मिनेट डी सिल्व्हा यांचा जन्म १९१८ सालीं कँडी येथें झाला. वडील राजकारणांतले नांवाजलेले पुढारी. आई ॲग्नेस या स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडणाऱ्या अग्रणींपैकीं एक. त्या बेटांत १९३१ सालीं स्त्रीपुरुषांना सारखाच मताधिकार मिळाला, त्यांत त्यांच्या श्रमांचा वांटा होता. एवढें पुरोगामी घर. तरी मुलीनें वास्तुविशारद व्हावें ही कल्पना वडिलांच्या पचनीं पडेना. बेटांत त्या विद्येची शाळाहि नव्हती. अखेर विरोध मोडून मिनेटबाई मुंबईस आल्या, आणि कलाशाळेंत जाण्यापूर्वीं त्यांनीं उमेदवारी केली ती मिस्त्री-भेदवार यांच्या पेढींत. तेथें पेरीनबाई आणि त्यांचे बंधु मीनू यांच्याशीं त्यांची मैत्री जमली. परक्या शहरांत आलेल्या या मुलीला या भावाबहिणींनीं मुंबईच्या कलावंतांच्या आणि विचारवंतांच्या वर्तुळांत नेलें. दोघी बायांच्या वयांत अंतर पांचच वर्षांचें. पण पहिली आणि दुसरी यांच्यांतलें अंतर वर्षांनीं मोजावयाचें नसतें. तेवढ्यांत एक पिढी मावूं शकते.

इतिहासकाराच्या दृष्टीनें ही गोष्ट क्षुल्लक ठरेल. पेरीनबाईंनीं मिनेटबाईंना एकादी शैली दिली किंवा सिद्धान्त शिकविला असें कोणी म्हणत नाहीं. बसावयास एक मेज, चार ओळखी, आणि 'ही आमच्यांतली' हा भाव, एवढेंच त्या पेढींत मिळालें असेल. परंतु पुरुषांना वसतिगृहांत, क्लबांत आणि क्रिकेटच्या मैदानावर न मागतां जें मिळतें तें याहून निराळें काय असतें? विद्या पुस्तकांतून मिळते, कौशल्य सरावानें येतें. पण आपण येथें असणें स्वाभाविक आहे ही खात्री दुसऱ्या माणसाकडूनच यावी लागते. ज्यांना ती लहानपणापासून मिळालेली असते त्यांना ती दिसतहि नाहीं, जसें निरोगी माणसाला आपलें हृदय चालत असल्याचें कळत नाहीं.

ही खात्री मिनेटबाईंना पुढें पुष्कळ उपयोगी पडली. १९४२ सालीं गांधीजींच्या सुटकेची मागणी करणाऱ्या मोर्चांत गेल्याबद्दल त्यांच्यावर माफीपत्र लिहून देण्याचा प्रसंग आला. त्यांनीं तें लिहिलें नाहीं, आणि त्यांचें शाळेंतलें शिक्षण तुटलें. मग ओटो कोनिग्सबर्गर यांच्या हाताखालीं बंगळूरास काम, मग लंडनला राहिलेला अभ्यास, असें करीत करीत १९४८ सालीं ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजसंस्थेच्या सहसदस्या होणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री ठरल्या. मधल्या काळांत, १९४६ सालीं, मुंबईंत मुल्कराज आनंद यांच्यासह 'मार्ग' हें नियतकालिक सुरू करणाऱ्या मंडळींतहि त्या होत्या.

मायदेशीं परतल्यावर त्यांनीं कँडीस जें पहिलें घर बांधलें तें आईवडिलांच्या स्नेह्यांचें होतें. काँक्रीट आणि काच यांच्या शेजारीं तेथल्या विणकरांचें विणकाम, लाखेचें रंगकाम आणि भाजलेल्या मातीच्या फरश्या त्यांनीं त्या घरांत आणून बसविल्या. परंतु मला त्यांचें याहूनहि मोलाचें वाटणारें काम निराळें आहे. कँडीजवळ वटपुलुव येथें सरकारी नोकरांची वसाहत बांधण्याचें काम त्यांच्याकडे आलें. १९५८ सालच्या सुमारास ती पुरी झाली. दोनशेंहून अधिक कुटुंबें, जातीपातीनें व धर्मानें निरनिराळीं, आणि पैसा बेताचा. बाईंनीं आधीं नकाशा काढला नाहीं. त्यांनीं आधीं प्रश्न विचारले. प्रश्नावली वांटल्या, सभा घेतल्या, कोण कसें राहतें, घरांत माणसें किती, स्वयंपाक कसा होतो, हें समजून घेतलें. आणि मग घरांचे कांहीं नमुने तयार करून ते कुटुंबाकुटुंबाच्या गरजेप्रमाणें जुळविले. हें प्रथम वाचलें तेव्हां आजोळचा तो पाटाएवढा झरोका माझ्या डोळ्यांपुढें आला. माझ्या आजीला अक्षर लिहितां येत नव्हतें. तिला प्रश्नावली दिली असती तर ती तिनें मामांकडेच दिली असती. पण कोणी नुसतें येऊन विचारलें असतें, तर खिडकी कोठें हवी तें तिनें भिंतीवर बोट ठेवून दाखविलें असतें.

अशी ही कर्तबगार बाई. परंतु सिंहली वास्तुकलेची गोष्ट निघाली कीं जगाच्या तोंडीं जेफ्री बावा यांचें नांव येई. बावा थोर होते यांत वाद नाहीं. पण नव्या आणि देशी रीतींचा जो मेळ त्यांच्या नांवावर जमा आहे त्याचा आरंभ मिनेटबाईंनीं त्यांच्या कित्येक वर्षें आधीं केला होता. १९९८ सालीं त्या वारल्या. त्यांचें आत्मचरित्र छापून आलें तें त्याच वर्षीं, त्यांच्या पश्चात्. पुढें त्यांचें नांव वर आलें त्यांत धाकट्या पिढीचा हात मोठा होता. २०१९ सालीं शिरोमी पिंटो यांनीं त्यांच्या जीवनावर कादंबरी लिहिली. २०२२ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत दक्षिण आशियाच्या वास्तुकलेचें प्रदर्शन भरलें. तें रचणाऱ्यांत अनोमा पिएरिस या मूळच्या श्रीलंकेच्या विदुषी होत्या, आणि त्यांत मिनेटबाईंच्या कामाला त्याचें स्थान मिळालें. माहेराची ही दुसरी बाजू आहे. आईनें दार उघडें ठेवावें हा एक धर्म. लेकीनें आईचें नांव टिकवावें हा दुसरा. ऋण वरून खालीं येतें तसें खालून वरहि फेडावें लागतें.

या दुसऱ्या धर्माचें याहून ठळक उदाहरण सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेंत घडलें. डेनिस स्कॉट ब्राउन यांचा जन्म १९३१ सालीं आफ्रिकेंत झाला. त्यांच्या आईनें तरुणपणीं दोन वर्षें वास्तुविद्येचा अभ्यास केला होता. नकाशे काढणारी आई पाहून, वास्तुविद्या हें बायकांचेंच काम आहे, अशी या मुलीची समजूत झाली. महाविद्यालयांत पहिल्या दिवशीं वर्गांत शिरतांच, हे इतके पुरुष येथें काय करीत आहेत, असा प्रश्न आपल्याला पडला, असें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. हा किस्सा वाचून हंसूं येतें. पण थोडें थांबून पाहिलें तर त्यांत केवढा अर्थ आहे! आईचें शिक्षण अपुरें राहिलें. परंतु मुलीच्या मनांत जी भिंत उभी राहावयाची ती तिनें उभीच राहूं दिली नाहीं.

ती भिंत पुढें बाहेरच्या जगांत लागली. डेनिसबाई आणि त्यांचे पति रॉबर्ट व्हेंचुरी यांनीं पुष्कळ वर्षें जोडीनें काम केलें, जोडीनें लिहिलें. १९९१ सालीं प्रित्झकर पारितोषिक, जें या व्यवसायांत सर्वांत मोठें समजतात, तें दिलें गेलें एकट्या व्हेंचुरींना. बावीस वर्षांनीं, २०१३ सालीं, हार्वर्ड विद्यापीठांत शिकणाऱ्या दोन तरुणींनीं हा अन्याय दूर करावा म्हणून एक जाहीर अर्ज काढला. त्यावर हजारों सह्या झाल्या. एक सही खुद्द व्हेंचुरींची होती. जुन्या परीक्षकांचा निर्णय नव्या परीक्षकांना फिरवितां येत नाहीं, असें उत्तर आलें, आणि अर्ज फेटाळला गेला. तरी तो व्यर्थ गेला असें मला वाटत नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेंतील वास्तुविशारदांच्या संस्थेनें आपलें सुवर्णपदक दोघांना मिळून देतां यावें असा नियम केला, आणि २०१६ सालीं तें या पतिपत्नींना एकत्र दिलें. ज्या मुलींनीं तो अर्ज लिहिला त्या डेनिसबाईंच्या नातींच्या वयाच्या. नातींनीं आजीसाठीं भांडावें, हा देखावा मला मोठा हृद्य वाटतो.

याच संस्थेनें २०१४ सालीं आपलें पदक प्रथमच एका स्त्रीला दिलें होतें. त्या जूलिया मॉर्गन; आणि पदक मिळालें तेव्हां त्यांना जाऊन सत्तावन वर्षें झालीं होतीं. मॉर्गनबाईंच्या चरित्रांतून माहेराचें तिसरें अंग ध्यानांत येतें. माहेरीं नुसतें प्रेम असून भागत नाहीं. लेकीची ओटी भरण्याची ऐपत आणि इच्छा असणारीं माणसें तेथें लागतात. वास्तुविशारदाची ओटी भरावयाची म्हणजे त्याला काम द्यावयाचें. १८९८ सालीं पॅरिसच्या प्रसिद्ध कलाशाळेच्या वास्तुविभागांत प्रवेश मिळविणाऱ्या या पहिल्या स्त्रीला स्वदेशीं परतल्यावर मोठा आधार मिळाला तो बायांचा. ऑकलंड येथील स्त्रियांच्या मिल्स महाविद्यालयासाठीं त्यांनीं १९०४ सालीं प्रबलित काँक्रीटचा घंटामनोरा बांधला. १९०६ च्या भूकंपानें जवळचें सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झालें. मनोरा जागचा हलला नाहीं. त्यानंतर कामांचा ओघ लागला. फीबी हर्स्ट या धनाढ्य बाई आणि ख्रिस्ती तरुणींचा संघ यांनीं त्यांना कामें दिलीं, आणि अखेरपर्यंत त्यांच्या हातून सातशेंच्या आसपास इमारती झाल्या. मनोऱ्यानें भूकंप सोसला हें मॉर्गनबाईंचें कौशल्य. परंतु भूकंपापूर्वीं, म्हणजे कौशल्याचा पुरावा मिळण्यापूर्वीं, तो बांधावयास देण्याचें धाडस दुसऱ्या कोणाचें तरी होतें.

येथें एक आक्षेप निघेल, आणि तो अगदींच टाकाऊ नाहीं. वास्तु ती वास्तु. पाऊस आंत येतो कीं नाहीं एवढेंच तिला विचारावें. ती पुरुषानें रचली कीं स्त्रीनें, याची चौकशी कशाला? गुणाला लिंग नसतें, आणि बायांनीं बायांना हात द्यावयाचा ठरविला तर तोहि एक प्रकारचा पक्षपातच नव्हे काय? माझें उत्तर असें, कीं गुणाला लिंग नसतें हें खरें. पण संधीला आजवर होतें. ज्या पेढ्यांत बापाच्या मागून मुलगा, काकाच्या मागून पुतण्या आणि गुरुजींच्या मागून आवडता शिष्य गादीवर बसत आला, तेथें कोणी पक्षपात हा शब्द उच्चारला नाहीं. त्याला परंपरा असें सुंदर नांव होतें. तीच परंपरा बायांनीं आपल्यासाठीं घडवूं म्हटलें कीं मात्र न्यायाची तराजू बाहेर निघते.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे, आणि तो बाहेरून येत नाहीं. प्रत्येक सासू ही एके काळीं सून होती, हें आपण घरोघर पाहिलें आहे. आणि सोसलेल्या दुःखानें माणूस मृदु होतोच असें नाहीं, हेंहि पाहिलें आहे. 'आम्हीं सोसलें, तुम्हांला काय झालें?' हें वाक्य केवळ स्वयंपाकघरांत बोललें जात नाहीं. महाविद्यालयांच्या अध्यापककक्षांत तें मीं शुद्ध इंग्रजींत ऐकलें आहे. पहिल्या पिढीच्या बाईला एकटीनें वर चढावें लागतें, आणि एकटेपणाची संवय झाली म्हणजे तो एकटेपणाच आपला मोठेपणा वाटूं लागतो. वरच्या पायरीवर दुसरी बाई आली तर आपलें अपूर्वत्व जाईल अशी भीति मनांत शिरते. म्हणून एका पिढीनें दुसरीला हात देणें हें स्त्रीस्वभावाचें सहज फळ आहे, असें मानून चालण्यांत अर्थ नाहीं. तें ठरवून करावयाचें काम आहे, आणि तें प्रत्येक पिढीला नव्यानें करावें लागतें.

तें कसें करावें याचा एक साधा धडा मला माझ्या पुतणीच्या निमित्तानें पाहावयास मिळाला. ही मुलगी वास्तुविशारद. नोकरीच्या पहिल्या महिन्यांत ती बांधकामावर गेली तेव्हां मुकादमानें विचारलें, "ताई, साहेब कधीं येणार?" तिनें छत्री मिटून सांगितलें, "साहेब आले. सळया मोजायला घ्या." अशी धीट पोर, पण बाळंतपणानंतर तिनें काम सोडलें. कोणी सोड म्हटलें नव्हतें, कोणी सोडूं नकोहि म्हटलें नव्हतें. दोन वर्षें गेलीं, आणि आपल्याला आतां कांहींच येत नाहीं असें ती बोलूं लागली. एके दिवशीं तिच्या जुन्या कार्यालयाच्या प्रमुख बाई, साठी उलटलेल्या, आमच्या घरीं आल्या. उपदेश त्यांनीं मुळींच केला नाहीं. एक गुंडाळी पुढें केली. एका शाळेंतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचें काम होतें. आठवड्यांतून दोन दिवस यावें, मुलाला घेऊन आली तरी चालेल, एवढेंच बोलल्या. माझी जाऊ संकोचानें म्हणाली, "फार उपकार झाले, बाई." त्यावर त्या म्हणाल्या, "उपकार कसले? हिला शिकवायला मला चार वर्षें लागलीं. तीं मी फुकट कां घालवूं?" मला हें उत्तर पुष्कळ व्याख्यानांहून मोलाचें वाटलें. त्यांत दया नव्हती. हिशेब होता, आणि त्या हिशेबांत माझ्या पुतणीची किंमत मोठी धरलेली होती. पुतणी आज पुन्हा पुरतें काम करते, आणि तिच्या मेजाशेजारीं नुकतीच परीक्षा दिलेली एक मुलगी बसते.

मुंबईपुरतें पाहिलें तरी ही सांखळी डोळ्यांना दिसूं लागते. ज्या 'मार्ग'च्या स्थापनेंत मिनेटबाईंचा भाग होता, त्याच 'मार्ग'मध्यें १९६५ सालीं खाडीपलीकडे जोडशहर वसविण्याची योजना प्रसिद्ध झाली. ती मांडणारे तिघे : चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. आज नव्या मुंबईंत लाखों माणसें राहतात. त्यांतल्या कितीजणांच्या ओठांवर तें तिसरें नांव असेल? हें विसरणें कोणी मुद्दाम करीत नाहीं. तें आपोआप होतें, आणि म्हणूनच त्याच्यावर उपाय मात्र मुद्दाम करावा लागतो. २००० सालच्या फेब्रुवारींत मुंबईंत दक्षिण आशियांतील स्त्री-वास्तुविशारदांच्या कामाविषयीं एक परिषद आणि प्रदर्शन भरलें. त्याच्यामागें ब्रिंदा सोमाया यांचा पुढाकार होता, आणि परिषदेचा वृत्तांत ग्रंथरूपानें जपला गेला. सोमायाबाईंची पेढी त्यांच्या व त्यांच्या भगिनींच्या नांवानें सुरू झाली. पुढें त्यांची कन्या नंदिनी तींत आली. बापाची पेढी मुलीला मिळाली हें पेरीनबाईंच्या वेळचें नवल. आईची पेढी मुलीला मिळाली हें आपल्या काळाचें. आणि राजाबाई टॉवर व त्याच्याखालचें विद्यापीठाचें ग्रंथालय यांचा जीर्णोद्धार याच पेढीनें केला. २०१८ सालीं युनेस्कोनें त्या कामाचा गौरव केला. ज्या मनोऱ्याला एका स्त्रीचें नांव मिळालें तें कोणाची तरी आई म्हणून, त्याच मनोऱ्याचे दगड सव्वाशें वर्षांहून अधिक काळानें एका स्त्रीच्या देखरेखीखालीं धुतले गेले आणि सांधले गेले.

आज ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांतल्या मुली ही विद्या शिकत असतील, किंवा शिकण्याचा हट्ट धरून बसल्या असतील. माझ्या पाहण्यांतल्या वास्तुविद्येच्या वर्गांत मुलींचे बांक भरलेले असतात. प्रवेशाचा प्रश्न पुष्कळसा सुटला आहे. टिकण्याचा प्रश्न सुटलेला नाहीं, आणि तो गुणपत्रिकेनें सुटणारा नाहीं. त्यासाठीं पुढें गेलेल्या बाईनें मागें वळून पाहावें लागतें, मागून येणारीनें पुढचीचें नांव घ्यावें लागतें, आणि आपण बाकीच्यांनीं, ज्यांना कधींतरी चार भिंती बांधून घ्यावयाच्या असतात, त्यांनीं विश्वासानें काम सोंपवावें लागतें. सासर जन्मानें किंवा लग्नानें कसेंहि वांट्याला येतें; माहेर मात्र कोणीतरी आधीं बांधून ठेवलेलें असावें लागतें. घरें बांधणाऱ्या बायांना हें दुसऱ्या कोणी शिकवावें असें नाहीं. पाया दिसत नसतो, तरी त्याचा खर्च आधीं करावा लागतो, हें त्यांच्या विद्येचें पहिलेंच सूत्र आहे.